मर्ज झालेला वर्ग

त्या आठवड्यात शिवकन्याच्या गळ्यात दोन वस्तू होत्या. एक नेहमीची, शिवदाऱ्यात, म्हणजे लिंगायतांच्या गळ्यातल्या दोऱ्यात, बांधलेली इष्टलिंगाची चांदीची डबी. आणि तिच्या मागं, झंपरच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी पितळी चावी. डबीचा मानेला कधी भार वाटला नव्हता. चावी मात्र मंगळवारपासून टोचत होती.

चावी होती नववी अच्या वर्गातल्या सागवानी कपाटाची, आणि कपाटात होता थोरला इंग्रजी शब्दकोश. इतका जाड की मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या यायच्या. इंग्रजीचे शेषेराव सर दर शनिवारी शेवटच्या तासाला एका मुलीला उभं करायचे आणि तिनं एका शब्दाची कुळी सांगायची. अर्थ काय, कुठून निघाला, कुणाकुणाच्या घरून जेवून आपल्यापर्यंत आला, असं सगळं. ज्या मुलीला हे सगळ्यात चांगलं जमेल तिच्याकडं कपाटाची चावी. आठवीपासून ती शिवकन्याकडं होती. व्हरांड्यातून चालताना ती चावी बोटात गरागरा फिरवायची. मुली तिला चावीवाली म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर शिवकन्या या नावापेक्षा तिला तेच नाव जास्त आवडायचं.

मग लातूरचा जिल्हा झाला.

आपला जिल्हा, आपला कलेक्टर, आता कशाला उस्मानाबादला जायचं, अशी सगळीकडं हवा होती. पण जिल्हा झाला तो कागदावर. हापिसं आली आणि बसायला जागा नाही. त्यातलं एक हापिस थेट शाळेत आलं. नववी बच्या खोलीत टेबलं लागली, फायलींचे गठ्ठे छतापर्यंत गेले. पावसानं तर त्या वर्षी तोंडच दाखवलं नव्हतं. शाळेच्या विहिरीत खडक दिसायला लागला होता, आणि मुली घरून डब्याबरोबर पाण्याची बाटली आणायच्या, ती एकमेकींपासून लपवायच्या. अशात मोठ्या बाईंची नोटीस फिरली, की सोमवारपासून नववी अ आणि नववी ब हे वर्ग मर्ज करण्यात येत आहेत.

शिवकन्यानं ही बातमी घरी जेवताना सांगितली, आणि तिथंच चुकलं.

तिच्या वडिलांचं, रेवणप्पांचं, गंजगोलाईच्या बाजाराजवळ दोर-बादल्यांचं दुकान होतं. दुकानामागं घर. घरात वडिलांची थोरली बहीण, गंगम्मा आत्या. आत्या निजामाच्या राज्यात वाढलेली. तिच्या तोंडात इलाज, हकीम, तब्येत हे शब्द भाकरीसारखे नेहमीचे होते. मर्ज म्हणल्याबरोबर तिच्या हातातला घास थांबला. कोणता मर्ज झाला पोरींना, गोवर का कांजण्या, हे तिनं तीन वेळा विचारलं. अगं आत्या, तसला मर्ज नव्हं, इंग्रजीतला, म्हणजे दोन वर्ग एकात घालणं, असं शिवकन्यानं समजावलं. आत्या हलली नाही.

"नोटीस काढली म्हणजे मर्ज मोठाच आसंल," आत्या म्हणाली. "आन आजारी पोरी चांगल्या पोरींत कशाला घालून राहिलेत मग? अक्कल हाय का त्या मास्तरणीला?"

सोमवारी सकाळी तिनं शिवकन्याच्या दप्तरात ओव्याची आणि भीमसेनी कापराची पुरचुंडी बांधून दिली. ब तुकडीची पोर जवळ आली की हुंगायची. शिवकन्यानं ती पुरचुंडी कोपऱ्यावरच्या कोरड्या नालीत टाकली आणि मनाशी ठरवलं, ही गोष्ट वर्गात कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. शब्दांच्या कुळ्या सांगणाऱ्या चावीवालीच्या घरी मर्जला गोवर समजतात, हे कळलं तर मग राहिलं काय?

सोमवारी ब तुकडी आपापली बाकं डोक्यावर घेऊन आली, आणि त्यांच्याबरोबर आली तारामती.

तारामती नांदेड जिल्ह्यातल्या हदगावची. दिवाळीनंतर आलेली. वडील किशनराव कारकून, नव्या जिल्ह्यासाठी म्हणून त्यांची बदली लातूरला झाली, आणि बसायला मिळालं ते नेमकं नववी बच्या खोलीतलं हापिस. स्कर्ट दोन वर्षं पुरावा एवढा लांब, दोन वेण्या वर बांधलेल्या, कपाळापर्यंत तेल. शिवकन्यानं तिला पाहिल्या पाहिल्या एक टोमणा तयार करून ठेवला होता, की बापानं लेकीचा वर्ग खाल्ला. मधल्या सुट्टीत तो टाकायचा असं चाललं होतं. पण तारामती बाक खाली ठेवता ठेवता स्वतःच म्हणाली, "आमच्या बाबानं माझा वर्ग खाल्ला बघा, आता तुमच्यात वाढून घ्या मला." सगळा वर्ग हसला. शिवकन्याचा टोमणा तोंडातल्या तोंडात वाया गेला.

पुढं हे असंच होत राहिलं. तारामती इंग्रजी वाचताना स्कूलला इस्कूल म्हणायची. मुली हसायच्या, तीही हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलीच म्हणायच्या, सर, तारामतीला वाचू द्या. शिवकन्याचे उच्चार घासूनपुसून लखलखीत होते. तिला वाचू द्या असं मात्र आजवर कुणी म्हणालं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ब तुकडीत शनिवारचा शब्द तारामतीच सांगायची. तिच्याकडं थोरला कोश नव्हता, बारकासा खिशातला होता. तेवढ्यावर ती असं काही रचून सांगायची की सर अ तुकडीतसुद्धा तिचं नाव घ्यायचे. तेव्हा शिवकन्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. आता ते नाव दोन बाकं पुढं बसलं होतं, आणि त्याच्या तेलाचा वास येत होता.

सरांनी पहिल्याच दिवशी निकाल लावला. वर्ग एक, तर चावी एकीकडंच. येत्या शनिवारी दोघींनी एकाच शब्दावर बोलायचं, वर्गानं हात वर करायचे. शब्दही त्यांनी हसत हसत नोटिशीतलाच दिला, मर्ज. तोपर्यंत शिवकन्यानं तारामतीला कपाट उघडून द्यायचं.

मंगळवारी शिवकन्या घंटेच्या तासभर आधी शाळेत पोचली. कपाटाचं कुलूप जुनं, नखरेल. डाव्या हातानं वर उचलून धरलं तरच चावी फिरायची. तिनं कोश काढला आणि अधाशासारखं वाचलं. मर्ज हा शब्द मूळचा लॅटिन. म्हणजे बुडवणं, पाण्यात घालणं. त्याच घरातले इमर्ज म्हणजे वर येणं, सबमर्ज म्हणजे खाली जाणं, आणि इमर्जन्सी म्हणजे अचानक वर आलेलं संकट. शेवटी बारीक अक्षरात एस-के-आर आणि त्यापुढं मज्ज् असं काहीतरी होतं. एस-के-आर म्हणजे संस्कृत, हे तिला कोशाच्या पहिल्या पानावरच्या यादीवरून माहीत होतं. पण अ तुकडीला हिंदी होतं, संस्कृत ब तुकडीला. मज्ज् म्हणजे काय ते तिला कळलं नाही, म्हणून तेवढं तिनं सोडून दिलं. बाकीचं वहीत उतरवलं आणि खुश होऊन कपाट लावलं.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. हेच पान आता तारामती वाचणार. हेच, जसंच्या तसं. आणि मग आपल्यापेक्षा गोड करून सांगणार.

तिनं चावी छल्ल्यातून काढली आणि शिवदाऱ्याला बांधली. त्या दोऱ्याला कुणी हात लावत नाही, आईसुद्धा नाही. म्हणून तर ती जागा निवडली, आणि म्हणूनच गाठ मारताना तिनं डबीकडं बघायचं टाळलं.

तारामतीनं दुपारी चावी मागितली तेव्हा शिवकन्या म्हणाली, हरवली.

तारामतीनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग म्हणाली, मैदानातच पडली आसंल, हुडकू की. आणि खरोखर मधल्या सुट्टीत ती पाच मुली घेऊन मैदानावर गुडघ्यांवर बसली. भेगा पडलेल्या जमिनीत एकेक भेग काडीनं खरवडत त्या चावी शोधत होत्या. शिवकन्यालाही बसावं लागलं. ती वाकली की चावी डबीवर आपटायची, टिक्. तारामती शेजारीच होती. शिवकन्या छातीवर हात धरूनच शोधत राहिली, आणि एका मुलीनं सगळ्यांना सांगितलं, बघा बिचारीला किती लागलंय.

बुधवारी सकाळी पूजेला बसताना दोरा काढावा लागला. घरातलं पाणी तांब्यावर आलं होतं, तरी आत्या लिंगपूजेला चमचाभर बाजूला ठेवायचीच. तळहातावर लिंग घेताना चावी ताटलीत वाजली. हे काय, आत्यानं विचारलं. कपाटाची हाय, वर्गानं सांभाळायला दिली, शिवकन्या म्हणाली. आत्यानं भुवया उचलल्या. त्या दिवशी शिवकन्यानं विभूती लावली ती आरशात न बघता.

गुरुवारी ती टँकरच्या रांगेतून घागर घेऊन परतली, तर दुकानाच्या पायरीवर तारामती बसलेली. चावी घावली का विचारायला आलेली. आणि विचारून गेली असती तर एक वेळ चाललं असतं. ती आत्याच्या समोर बसून सुताला पीळ देत होती. विहिरी खोल गेल्यामुळं यंदा लांब दोर लई खपत होते आणि आत्या दिवसभर दोर वळायची, पण त्या सुताला ती कुणाला हात लावू देत नसे. शिवकन्याला तर सातवीत असताना एकदा हातावर फटका बसला होता. आता आत्या तारामतीच्या बोटांकडं कौतुकानं बघत होती आणि दोघी कशावरून तरी डोळे पुसून पुसून हसत होत्या. शिवकन्या कोपऱ्यावरच थांबली. घागर डोक्यावर जड होत होती, तरी तारामती गेल्याशिवाय ती घराकडं गेली नाही.

"गुणाची पोर हाय," आत्या रात्री भाकरी खाताना म्हणाली. "पीळ बघ कसा सरळ दिला. तुला आजवर न्हाई जमला."

काय बोलत होतीस तिच्याशी, शिवकन्यानं विचारलं. काय न्हाई, मर्जाचं, आत्या म्हणाली आणि पुन्हा हसली. त्या हसण्यानं शिवकन्याची भाकरी घशात अडकली, आणि पाणी मोजून प्यायचं असल्यामुळं ती तशीच अडकून राहिली. शुक्रवारभर तिनं वहीतलं लॅटिन पाठ केलं, इतकं की झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं.

शनिवारी पहिली तारामती उठली.

कोश मला बघायला मिळाला न्हाई, ती म्हणाली, म्हणून मी माणसांना विचारलं. आणि मग तिनं लातुरातल्या एका मावशीची गोष्ट सांगितली. नाव नाही, गल्ली नाही, पण सगळं होतं. हातात थांबलेला घास होता, गोवर का कांजण्या होतं, नोटीस काढली म्हणजे मर्ज मोठाच हे होतं आणि ओव्याची पुरचुंडीही होती. तिनं आत्याचा आवाज इतका हुबेहूब काढला की शिवकन्याला वाटलं, आत्या दाराआड उभी आहे. बाकं हादरली. सरांनी चष्मा काढून पुसला.

"आन मला तर वाटतं सर," तारामती शेवटी म्हणाली, "इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडूनच नेला आसंल. दोन गोष्टी एकात घातल्या की आठ-पंधरा दिवस ताप येतोच. आमच्या बाबाची नांदेडहून बदली झाली तेव्हा अख्ख्या घराला आला होता. ह्या वर्गालाबी आलाय. उतरंल."

सर हसत म्हणाले की अंदाज झकास आहे पण चूक आहे. आपला मर्ज अरबीतून उर्दूत आणि उर्दूतून आपल्याकडं आला, इंग्रजी मर्ज निराळा. दोघांची भेट फक्त त्या मावशीच्या कानात झाली. चूक म्हणल्यावर शिवकन्याच्या अंगात बळ आलं. पण तिनं वर्गाकडं पाहिलं तर चूक कुणालाच ऐकू आलेली नव्हती. मुली अजून आपसात पुरचुंडी, पुरचुंडी म्हणत होत्या. तिच्या घरातली गोष्ट. तिची आत्या. तिनं नालीत टाकलेली पुरचुंडी उचलून दुसरीनं तिचं सोनं केलं होतं, आणि ही माझी आहे असं म्हणायचीही सोय नव्हती.

ती उभी राहिली आणि लॅटिन म्हणून दाखवलं. सगळं बरोबर, एक कानासुद्धा चुकला नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं जांभई दिली. वर्गात एकच मुलगी हनुवटीला हात लावून खरोखर ऐकत होती, आणि ती तारामती होती. ते बघून शिवकन्याला असा संताप आला की तिनं वही मिटली.

"बुडवणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक हाय," ती म्हणाली. आपली भाषा घरची झाली हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "आमच्या अप्पाच्या दुकानात परवाच्या साली बारा हात दोर लागायचा. यंदा बावीस हात लागून राहिला. तरी घागर खाली गेली की खडकावर वाजते आन आडवी पडते. मग कुणीतरी आत उतरून वाटीनं भरायची. पहिलं कसं व्हायचं, घागर तोंडासकट पाण्यात जायची, गुडगुड करायची, आन दोर हातात एकदम जड व्हायचा. त्याला म्हणायचं मर्ज. आमच्या गल्लीत ह्या साली कुणाचीच घागर मर्ज झाली न्हाई."

ती बसली. मागं एका मुलीनं बाटलीचं झाकण उघडून एक घोट घेतला आणि न लपवता शेजारणीला दिली.

हात वर झाले तेव्हा तारामतीला नऊ हात जास्त पडले.

तेरा नाही, वीस नाही. नऊ. शिवकन्यानं तारामतीच्या बाजूचे हात कुणाकुणाचे ते ओळखून ठेवले, त्यातले चार तर अ तुकडीतलेच होते. मग सर म्हणाले, चावी तारामतीची, पण चावी आहे कुठं? आता सोमवारी लोहार बोलवून कुलूप तोडून घेऊ, कपाटाची फळी फुटेल, इलाज नाही.

ती फळी शिवकन्याच्या ओळखीची होती. तिच्यावरच्या शिरा, खिळ्याचं भोक, सगळं. तिचा हात गळ्याकडं गेला. शिवदारा बाहेर आला, डबीमागची चावी बाहेर आली, आणि चोपन्न माना तिच्याकडं वळल्या. गाठ सुटता सुटेना. तिला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं, तशा भेगा पडलेल्याच आहेत.

"घावली का?" तारामती आपल्या जागेवरून म्हणाली. "मी म्हणलं न्हवतं का, दोऱ्यातच कुठंतरी अडकली आसंल म्हणून."

तिनं असं कधीही म्हणलं नव्हतं.

शिवकन्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. आत्यानं गुरुवारीच सांगितलं होतं. दोन दिवस तारामतीला चावी कुठं आहे ते माहीत होतं, आणि तरी ती कोश न बघता उभी राहिली, मावशीचं नाव न घेता बोलली, आणि आता हे. वर्गानं सुटकेचा श्वास सोडला. सरांनी एक भुवई उचलली आणि खाली ठेवली. शिवकन्याला आभार मानावेत असं वाटायला पाहिजे होतं. तिला वाटलं ते एवढंच, की हेही हिलाच जमतं. चांगलं वागणंसुद्धा माझ्याआधी हिनंच करून टाकलं.

शाळा सुटल्यावर तारामती कपाटापाशी गेली. शिवकन्या मुद्दाम दप्तर भरत रेंगाळली. तारामतीनं चावी उजवीकडं फिरवली, डावीकडं फिरवली, फुंकर मारली, परकराच्या टोकाला, म्हणजे त्या लांब स्कर्टला, पुसून पुन्हा घातली. कुलूप ढिम्म. आठवडाभरात शिवकन्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. तिनं तो आनंद पोटभर घेतला. मग म्हणाली, "वर उचल. डाव्या हातानं. आन मग फिरव."

कोश निघाला. तारामतीनं पान काढलं आणि बोट लावून लावून वाचत शेवटच्या बारीक ओळीवर आली.

"हे एस-के-आर काय ग?"

"संस्कृत," शिवकन्या म्हणाली. "पुढच्या यादीत हाय."

"मग हे मज्ज्..." तारामती थांबली. "मज्जति. बुडतो. अगं, धातू हाय हा आमचा. निमज्जन न्हाई का. म्हणजे इंग्रजीतला मर्ज आन आपला मज्ज् भाऊ-भाऊ निघाले की. तुला दिसलं न्हवतं?"

"दिसलं होतं. कळलं न्हवतं."

"मला कळलं असतं, पण दिसलं न्हवतं," तारामती म्हणाली. त्यात टोमणा होता की नव्हता, ते शिवकन्याला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

दोघींनी एकदम एकमेकींकडं पाहिलं. सर अजून शिक्षकांच्या खोलीत होते, सायकल बाहेर दिसत होती. ही गोष्ट जी आधी सांगेल तिची. तारामतीनं कोश आत ढकलला, दार लोटलं आणि कुलपाशी झटायला लागली, कारण चावी जिच्याकडं, कपाट लावल्याशिवाय तिला हलता येत नाही. हा नियम शिवकन्याला दीड वर्ष तोंडपाठ होता. चावी नसण्याचा काही फायदा असतो हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि ती सुसाट सुटली. मागून कुलपाचा खडखडाट आणि तारामतीची हाक, थांब की ग, तिला व्हरांडाभर ऐकू येत राहिली.

सर सायकलीला हात लावतच होते. शिवकन्या धापा टाकत पुढं उभी राहिली. घसा कोरडा, बाटली रिकामी.

"सर, आम्हाला सापडलं," ती म्हणाली.

आम्हाला. तिला म्हणायचं होतं, मला. शब्द निघून गेला होता आणि परत घेता येत नव्हता. तिनं जीभ चावली, मागं वळून पाहिलं, आणि तारामती येईपर्यंत पुढचं काही बोलली नाही. स्वतःवर लई चिडून, पण थांबली.